नट एकटा मोठा होत नाही: 'माजघर' ते चौकचा स्टुडिओ

मंडळी, पोस्ट मोठी आहे. कर्जत लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर बदलापूर ते भिवपुरी आरामात वाचून होईल.

मार्च २०१५ मध्ये झी मराठीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' नावाची मालिका सुरू झाली. आठवत असेल बऱ्याच जणांना. मुंबईतला एक फ्लॅट, त्याचं नाव 'माजघर', आणि त्यात राहणारी सहा पोरं. कैवल्यला संगीत करायचं होतं. मीनलला नटी व्हायचं होतं. सुजय, आशू, रेश्मा आणि अ‍ॅना यांची आपापली दुखणी वेगळी. सासू नाही, सून नाही, दागिने घालून झोपणाऱ्या बायका नाहीत. भाडं कोण भरणार, फ्रीजमधलं कोणी खाल्लं आणि आज कोणाचा मूड गेलाय, एवढ्यावर वर्षभर मालिका चालली. रात्री उशिराची वेळ असूनही आपल्याकडची कॉलेजची पोरं जागून बघायची.

आता दहा वर्षं झाली, हे जुनं प्रकरण आज का काढलं? कारण आमच्या धंद्यात दर महिन्याला कोणीतरी पोरगा नाहीतर पोरगी विचारते, "दादा, सिरियलमध्ये शिरायचं कसं?" पत्रकार म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचा, असा समज असतो. आणि शेजारी बसलेला कोणीतरी जाणता माणूस लगेच उत्तर देतो, "अरे, ओळख लागते तिथे. आपलं काम नाही ते."

हे उत्तर अर्धंच खरं आहे. मराठी विनोदाचा आणि मराठी टीव्हीचा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास काढून बघितला तर दिसतं असं, की ओळखीच्या आधी टोळी लागते. चार-सहा जिवाभावाची माणसं, जी एकत्र तालीम करतात, एकमेकांचं काम बघून तोंडावर शिव्या देतात आणि एकाला दार उघडलं की बाकीच्यांना आत ओढतात.

हा विषय जगभर चालतो. अमेरिकेत एचबीओ वाहिनीवर २००४ ते २०११ अशी आठ वर्षं 'आन्टुराज' नावाची विनोदी मालिका होती. नावाचा अर्थ साधारण आपल्या 'गोतावळा' शब्दाजवळ जाणारा. विन्स नावाचा देखणा, चढत्या नशिबाचा नट आणि त्याच्याबरोबर हॉलिवूडला आलेले त्याचे न्यूयॉर्कचे दोस्त. एक मॅनेजर झाला, एक ड्रायव्हर, आणि सावत्र भाऊ स्वतः नट, पण पडेल नट. मार्क वॉलबर्ग या नटाच्या सुरुवातीच्या दिवसांवरून ती सुचली आणि तोच तिचा एक निर्माता होता. गाड्या, पार्ट्या, मोठे बंगले. आपल्या 'माजघरा'त यातलं काहीच नव्हतं. तिकडे हिरो आधीच हिरो झालेला असतो आणि दोस्त त्याच्या जिवावर जगतात. इकडे कोणीच काही झालेलं नसतं आणि सगळे एकमेकांच्या जिवावर जगतात. आपल्याकडचा नट हा असाच घडला, म्हणून आपली गोष्टही तशीच लिहिली गेली.

थोडं मागे जाऊ.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा आपल्या भागात टीव्ही म्हणजे आळीत एखादा, आणि त्याच्यासमोर अख्खी आळी. विनायक चासकरांचा 'गजरा' त्या पडद्यावर आला. छोटे छोटे विनोदी प्रवेश असायचे आणि ते करणारे बरेचसे नट नाटकातून आलेले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी चिं. वि. जोशींचा चिमणराव आला. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. घाबरट चिमणराव एकटा असता तर त्याची दया आली असती. बरोबर गुंड्याभाऊ होता म्हणून हसू आलं. मराठी टीव्हीने पहिला धडा तिथेच दिला, की विनोदाला जोडीदार लागतो.

मग आला लक्ष्या. लक्ष्मीकांत बेर्डे हा गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करणारा माणूस. नाटकं चालायची त्याच इमारतीत, पण हा पडद्यामागे. त्याला पुढे आणलं ते घरच्याच माणसाने आणि त्याच्या कंपूने. पुरुषोत्तम बेर्डे हे जे. जे. कला महाविद्यालयातले. त्यांच्या मित्रमंडळींच्या नाट्यसंस्थेचं नावच 'या मंडळी सादर करू या'. नाव ऐकूनच कळतं की ही काही गंभीर चेहऱ्याची संस्था नव्हती. १९८३ मध्ये त्यांचं 'टूरटूर' आलं आणि लक्ष्मीकांत बेर्डे हे नाव घरोघरी गेलं. दोन वर्षांत महेश कोठारेंचा 'धुमधडाका' आला आणि १९८८ मध्ये 'अशी ही बनवाबनवी'.

'बनवाबनवी' आपण शंभरदा बघितला असेल, पण एका गोष्टीकडे लक्ष जात नाही. ती चार मित्रांची भाड्याच्या घरासाठीची मारामारी आहे आणि त्यातला परशा हा नाटकात काम करणारा आहे. म्हणजे धडपड्या नट, त्याचे दोस्त आणि डोक्यावर छप्पर नाही. मूळ कथा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमाची, पण तो सिनेमा आज किती जणांना आठवतो? मराठीने तो असा काही आपलासा केला, की 'माजघर' हे मला त्याच घराचं पुढचं बिऱ्हाड वाटतं.

यानंतरची टोळी गिरणगावातली. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लालबाग-परळच्या चाळींमधल्या एका अख्ख्या पिढीची नोकरीची वाट बंद झाली. आपल्या कर्जत-खालापूरच्या किती घरांतले बापे तेव्हा गावी परत आले, हे जुन्या माणसांना विचारा. त्या काळात शाहीर साबळे यांच्या 'महाराष्ट्राची लोकधारा' मध्ये काही पोरं नाचत-गात होती. शाहिरांचा नातू केदार शिंदे, त्याचे मित्र भरत जाधव आणि अंकुश चौधरी. मागे उभं राहून कोरसमध्ये गाणारी पोरं. १९९३ मध्ये देवेंद्र पेम यांचं 'ऑल द बेस्ट' आलं. त्यात भरत, अंकुश आणि संजय नार्वेकर. एक आंधळा, एक बहिरा, एक मुका, आणि तिघांचं एकाच मुलीवर प्रेम. नाटकाने तुफान गर्दी खेचली. २००२ मध्ये केदार शिंदेंनी 'सही रे सही' केलं आणि भरत जाधव स्टार झाला. त्याच सुमारास केदार शिंदेंची 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका अल्फा मराठीवर घराघरात बघितली जात होती.

आणि यातली सगळ्यात मोठी गंमत बघा. २०२३ मध्ये केदार शिंदेंनी आपल्या आजोबांवर 'महाराष्ट्र शाहीर' हा सिनेमा केला. शाहीर साबळेंचं काम कोणी केलं? अंकुश चौधरीने. ज्या शाहिरांच्या मागे कोरसमध्ये उभा राहिला, त्याच शाहिरांचं काम, आणि सांगणारा कोण तर तेव्हाचा दोस्त. तीस-पस्तीस वर्षं टिकलेली टोळी याला म्हणतात. याला 'ओळख' म्हणायचं असेल तर म्हणा, पण ही ओळख कोणी आयती दिली नव्हती. लोकधारेच्या घामातून ती आली.

आता परत 'माजघरा'कडे. ती सहा पोरं अमेय वाघ, सुव्रत जोशी, पुष्कराज चिरपुटकर, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर आणि पूजा ठोंबरे. यातल्या सखीचे आईवडील शुभांगी आणि मोहन गोखले, स्वानंदीचे आरती अंकलीकर-टिकेकर आणि उदय टिकेकर. म्हणजे काहींच्या घरात कला होतीच, ते नाकारण्यात अर्थ नाही. सुव्रत दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेला. अमेय वाघ पुण्याच्या एकांकिका स्पर्धांमधून आलेला. पुरुषोत्तम करंडक ही स्पर्धा १९६३ पासून चालते आणि पुण्यातल्या कॉलेजच्या पोरांसाठी ती परीक्षेपेक्षा मोठी. तिथूनच अमेय, निपुण धर्माधिकारी आणि मित्रांनी 'नाटक कंपनी' नावाची संस्था काढली. टीव्हीवर दिसायच्या कितीतरी आधी ही पोरं एकत्र घाम गाळत होती.

मालिका २०१६ च्या सुरुवातीला संपली. आता खरी कसोटी असते. मालिका संपली की टोळी फुटते, प्रत्येक जण आपापला मॅनेजर गाठतो. यांनी उलटं केलं. यातल्या काही जणांनी त्याच वर्षी 'अमर फोटो स्टुडिओ' हे नाटक उभं केलं. लेखन मनस्विनी लता रवींद्र यांचं आणि दिग्दर्शन पुन्हा निपुणचं. टीव्हीवरचे चेहरे बघायला कॉलेजची पोरं तिकीट काढून नाट्यगृहात आली. २०१७ मध्ये तीच सहा जणं 'दिल दोस्ती दोबारा' मध्ये वेगळ्या भूमिकांत आली, तेव्हा त्यांनी एक हॉटेल चालवायला घेतलं होतं.

त्याच काळात भारतीय डिजिटल पार्टी, म्हणजे 'भाडिपा' च्या युट्यूब वाहिनीवर 'कास्टिंग काऊच विथ अमेय अँड निपुण' सुरू झालं. यात अमेय वाघ अमेय वाघचंच काम करतो. थोडं नाव झालेला, थोडा माजलेला, मोठ्या नट्यांसमोर फजिती होणारा नट, आणि बाजूला त्याचा दोस्त निपुण. चढत्या नटाची आणि त्याच्या मित्राची मराठीतली सगळ्यात सरळ विनोदी मालिका कुठली म्हणाल तर मी हीच सांगेन. स्वतःवर हसायला जवळचा मित्रच बरोबर लागतो, परक्या माणसासमोर ते जमत नाही.

आता सगळीच टोळी कॉलेजच्या स्पर्धेतून येते असंही नाही. 'चला हवा येऊ द्या' २०१४ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, श्रेया बुगडे. यातले भाऊ कदम डोंबिवलीचे, आपल्याच लाईनवरचे. हा माणूस नाटकात छोटी छोटी कामं करत असताना पानाची टपरी चालवायचा. २०१८ पासूनची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' बघा. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे या जोडीने समीर चौघुले, विशाखा सुभेदार यांच्यासारख्या जुन्या जाणत्यांच्या बाजूला नवीन पोरं उभी केली. पवईच्या फिल्टरपाड्यातला गौरव मोरे तिथून घराघरात गेला. तो आपल्या वस्तीचं नाव लपवत बसला नाही, उलट तेच मिरवलं. एका प्रवेशात हिरो असलेला पुढच्या प्रवेशात मागे दोन ओळी बोलून जातो, हे त्या कार्यक्रमाचं बळ आहे.

हे सगळं मुंबई, पुणे, डोंबिवलीचं झालं. आपलं काय?

आपल्याकडे तर अख्खा स्टुडिओच होता. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभा केला. सगळं जग त्याला 'कर्जतचा स्टुडिओ' म्हणतं, पण तो खालापूर तालुक्यात, चौकजवळ हातनोलीला आहे, हे खालापूरकरांनी किती वेळा सांगायचं? 'लगान', 'देवदास' चे सेट करणारा हा माणूस. कलादिग्दर्शनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार. 'जोधा अकबर' चा किल्ला इथे उभा राहिला. 'राजा शिवछत्रपती' ही मालिका २००८ मध्ये स्टार प्रवाहवर आली, तिचे निर्माते देसाईच. 'प्रेम रतन धन पायो' चा शीशमहल इथलाच.

पण या सगळ्यात आपली माणसं कुठे होती? सेट म्हणजे सुतार, रंगारी, वेल्डर, लाईटवाले, ड्रेसवाले, जेवणवाले, गाड्या चालवणारे. आणि लढाईच्या सीनमध्ये भाला घेऊन तिसऱ्या रांगेत उभे राहणारे. ती आपली माणसं. हिरो मुंबईहून यायचा आणि संध्याकाळी एक्सप्रेस वेवरून परत जायचा. 'आन्टुराज' मध्ये हिरोचे दोस्त निदान त्याच्या गाडीत तरी बसतात. आपण गेटपर्यंतचे दोस्त. मावळा झालेल्या पोराला शिवाजी महाराजांचं काम करणाऱ्याबरोबर फोटो मिळाला, पण पुढे काय करायचं हे सांगणारं कोणी भेटलं नाही. यात पोटाला काम मिळालं, ते कमी नाही. पण वीस वर्षांजवळ स्टुडिओ शेजारी असून आपल्या दोन तालुक्यांतून नटांची एक नाव घेण्यासारखी टोळी उभी राहिली का? मला तरी दिसत नाही.

२०२३ चा पावसाळा आपण विसरणार नाही. १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. चौकच्या माणसांचे डोळे कोरडे होत नाहीत तोवर, दोनच आठवड्यांनी, २ ऑगस्टला सकाळी बातमी आली की नितीन देसाईंनी आपल्याच स्टुडिओत जीवन संपवलं. कर्जाचा बोजा होता, वसुलीची प्रक्रिया सुरू झाली होती. दुसऱ्यांसाठी राजवाडे बांधणारा माणूस वयाच्या ५७ व्या वर्षी असा गेला. त्या दिवशी अनेकांनी एकच म्हटलं, शेवटच्या दिवसांत त्यांच्याजवळ बसणारं कोणी होतं की नाही? उत्तर मला माहीत असण्याचा प्रश्न नाही आणि त्यावर अंदाज करत बसणंही बरं नाही. पण या धंद्यात माणूस एकटा पडतो तेव्हा काय होतं, हे आपण आपल्या दारात बघितलं.

त्यानंतर स्टुडिओ राज्य सरकारच्या महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला, म्हणजे गोरेगावची फिल्मसिटी चालवणाऱ्या महामंडळाकडे. आता तो कोणा एकाचा धंदा राहिलेला नाही, सरकारी मालमत्ता म्हणून त्यावर आपलाही थोडा हक्क आहे. म्हणून ही पोस्ट. पर्यटकांना तिकीट लावून सेट दाखवा, जरूर दाखवा. पण वर्षातले काही दिवस तिथलं एखादं दालन रायगडच्या कॉलेजांच्या एकांकिकांसाठी द्या. सुतारकाम, प्रकाशयोजना, रंगभूषा, कॅमेरा यांचे छोटे अभ्यासक्रम स्थानिक पोरांसाठी काढा. आदिवासी वाड्यांतली पोरं ठाकरी नाच करतात, त्यांना 'गर्दी' म्हणून नका बोलावू, कलाकार म्हणून बोलवा. पनवेल-कर्जत उपनगरीय मार्ग होतोय, त्यावर चौक स्टेशन आहे. उद्या पनवेलचं पोरगं लोकलने चौकला उतरेल. तेव्हा त्याला तिथे नुसता बंद पडलेला किल्ला दिसायला नको. आपल्या ग्रामपंचायती, नगरपरिषदा आणि आमदार-खासदार यांनी हे मागायला काय हरकत आहे? मागितल्याशिवाय मिळत नाही.

आणि पोरांनो, तुमच्याशी दोन शब्द. 'ऑडिशन फी', 'पोर्टफोलिओ', 'आर्टिस्ट कार्ड' अशा नावांनी पैसे मागणारे फोन आपल्या भागात बरेच फिरतात. खालापूर तालुक्यातल्या एका पोराने अशा एका एजन्सीला आईची पाटली मोडून पैसे दिले. फोटो काढले, अल्बम दिला आणि पुढे फोन उचलणं बंद. तो तक्रार करायलाही तयार नव्हता, कारण गावात हसू होईल. चांगलं काम देणारा माणूस काम देण्याआधी तुमच्याकडून पैसे घेत नाही, एवढं एक वाक्य घरात लिहून ठेवा. आणि हा पोरगा फसला कसा? तो सगळीकडे एकटा गेला. घरी सांगितलं नाही, मित्रांना सांगितलं नाही. बरोबर एक जरी शहाणा दोस्त असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, "चल रे, चहा पिऊ आणि घरी जाऊ."

टोळीचा हा दुसरा उपयोग. ती वर ओढते तशी खड्ड्यात पडण्यापासूनही वाचवते.

टोळीत सगळेच नट होत नाहीत, हेही खरं. चारातला एक पुढे जातो. एक लिहायला लागतो, एक लाईट बघतो, आणि एक नोकरी धरून बाकीच्यांचं हॉटेलचं बिल भरतो. या चौथ्याचं नाव कुठल्याच मालिकेच्या श्रेयनामावलीत येत नाही. पण तो नसता तर पहिला ठाण्याच्या पुढे पोचला नसता. म्हणून कोणाचा मित्र 'ॲक्टिंग-फिक्टिंग' करत असेल तर त्याची टर उडवा, ते मित्राचं कामच आहे. पण त्याच्या प्रयोगाला तिकीट काढून जा.

पूर्वी आपल्याकडे जत्रेला, उत्सवाला गावोगाव नाटक बसायचं. पडदे भाड्याने, पेट्रोमॅक्सचा उजेड, शाळेचे मास्तर दिग्दर्शक आणि वाणी नाहीतर पोस्टमन खलनायक. महिनाभर तालीम चालायची. त्यातून कोणी स्टार झालं नाही, पण टोळ्या तयार झाल्या होत्या. पुढे ऑर्केस्ट्रा आला, डीजे आला आणि तालीम गेली. हास्यजत्रेचे तुकडे मोबाईलवर बघणारी पोरं प्रत्येक गावात आहेत. त्यातल्या पाच जणांना देवळाच्या ओट्यावर एकत्र बसवायला सरकारही लागत नाही आणि स्टुडिओही लागत नाही.

कडाव, नेरळ, कशेळे, खोपोली, चौक, वावोशी, कुठेही अजून नाटकाची तालीम होत असेल तर खाली कळवा. तुमच्या गावात जुनी नाटकमंडळी असतील, जुने फोटो असतील तर तेही टाका. यादी तयार झाली की महामंडळाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा इथेच टाकतो. सह्या मात्र तुम्ही करायच्या.